आधी रेशा, मग पटाशी

लाकडी बैलाचा पाय मोडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. मांडी संपते आणि पाय बारीक होत जातो, तिथे. तुकडा आडवा आणि स्वच्छ पडतो, कडक भाकरी मोडावी तसा. नागपुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर असे तीन पायांचे बैल अजून सापडतात. आजोबांसाठी कुणीतरी घडवलेला, काकांनी ओढलेला, आत्याच्या मुलांनी रंगवलेला बैल चिंध्यांत गुंडाळून ठेवलेला असतो, कारण तो टाकवत नाही आणि मोडक्या पायानं उभाही राहत नाही.

तो पाय तिथेच का मोडतो, हे ज्याला समजलं त्याला लाकूड कोरण्याची निम्मी विद्या आली. उरलेली निम्मी हाताची आहे आणि ती सरावानं येते. या प्रकरणात आपण वीतभर लांबीचा एक बैल कोरणार आहोत आणि उरलेल्या तुकड्यातून गळ्यात घालायचं एक लॉकेट. त्याआधी हा बैल नागपूरचा का, ते पाहू.

तान्ह्यांचा पोळा

श्रावणातल्या अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळले जातात. पोळ्याला त्यांना अंघोळ, झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा. तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात आणि तोरण तुटतं. महाराष्ट्रात हा सण अनेक ठिकाणी इथेच संपतो. विदर्भात मात्र दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, तोच सण पुन्हा उभा राहतो, लहान आकारात. त्याचं नाव तान्हा पोळा.

या दिवशी बैल लाकडाचे आणि धनी लेकरं. पाटीवर उभा, खाली चार चाकं, मानेला दोरी. मुलं आपापले बैल सजवून मैदानात रांगेनं उभे करतात. सजावटीला बक्षिसं असतात. मग दोरी हातात धरून दारोदार फिरायचं. घरातली बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. नागपुरात त्याच सकाळी इतवारी भागातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. संध्याकाळी रस्त्यावर मोठ्यांची गर्दी ओसरते आणि लाकडी चाकांचा खडखडाट सुरू होतो.

नागपूरकर या प्रथेचं श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना देतात. त्यांचा काळ १७८८ ते १८१६. तान्हा पोळ्याच्या सुरुवातीचं साल म्हणून १८०६ सांगितलं जातं. मोठ्यांना बैलाचं मोल ठाऊक असतं, ते मुलांनाही कळावं म्हणून राजानं त्यांच्या हाती लाकडी बैल दिले, अशी ही आठवण आहे. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्याशी ती आजही जोडलेली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळाही असाच नावाजलेला. तिथे आणि नागपुरात मुठीएवढ्या बैलापासून अनेक माणसांनी ओढावा लागेल एवढ्या बैलापर्यंत सगळे आकार दिसतात.

चाकांवरचं जनावर ही कल्पना आपल्या मातीत फार जुनी आहे. १९७४ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमीन खणताना चार भरीव धातूच्या मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या पायांखाली चाकं किंवा ती बसवायची सोय आणि चौथ्या मूर्तीत दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा माणूस. चारही मिळून वजन ६० किलोंहून अधिक. ती मुलांची खेळणी नसावीत. तरीही जनावराला चाकं लावून ओढण्याची कल्पना या जमिनीत लाकडी बैलाच्या हजारो वर्षं आधी रुजली होती, हे त्यांवरून दिसतं.

लाकूड उभं वाढतं

आता मोडलेल्या पायाकडे येऊ. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी चढवतं, आणि ते ज्या बारीक नळ्यांमधून चढतं त्या खोडात उभ्या, एकमेकींना चिकटून असतात. झाड कापल्यावर पाणी जातं, नळ्या राहतात. सुतार त्याला रेशा म्हणतात. फळीवर ज्या लांब रेघा दिसतात, तो रेशा. त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढलं तर लाकूड विलक्षण मजबूत असतं. आडव्या दिशेनं त्या नळ्या फक्त एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथे जोर पडला की चिकटलेल्या जागा सुटतात. चुलीसाठी ढलपी फोडताना आपण कुऱ्हाड रेशाच्या दिशेनंच घालतो, ती याचसाठी.

बैल आडवा प्राणी आहे. पाठ, मान, तोंड सगळं आडवं. म्हणून कोरणारा रेशा पाठीच्या दिशेनं ठेवतो, नाहीतर लांबट तोंड पहिल्याच ठोक्याला गळून पडेल. पण मग पायांचं काय? पाय उभे, रेशा आडवा. प्रत्येक पायात त्या नळ्यांचे बोटभर तुकडे एकावर एक चिकटवलेले उरतात. मुलानं बैल अंगणात आपटला की त्यांतला एक थर सुटतो. भाकरीसारखा मोडलेला तो पाय म्हणजे हाच सुटलेला थर.

मी पहिला बैल कोरला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. तीन दिवस खपलो आणि चौथा पाय सुटा करताना मागचा पाय हातात आला. गल्लीतल्या सुतारकाकांनी तो तुकडा घेतला, उजेडात धरला आणि नखानं त्यावरची रेघ दाखवली. म्हणाले, ‘आधी रेशा पाह्य बाबू, मंग पटाशी उचल.’ पुढे लाकूडकामावर जे काही वाचलं, ते सगळं या एका वाक्यात मावतं, असं मला अजून वाटतं.

जुन्या कारागिरांनी या अडचणीवर दोन उपाय काढले. पहिला, पाय आखूड आणि जाड ठेवायचे, पुढच्या दोन पायांमधलं लाकूड थोडं तसंच राहू द्यायचं, मागच्यांचंही, आणि खूर पाटीला पक्के करायचे. नागपूरच्या पुष्कळ बैलांची ठेंगणी, भरदार ठेवण अशी आली. त्यात जितकी नजर आहे तितकीच रेशाची सक्ती आहे. दुसरा उपाय, धड एका तुकड्याचं आणि पाय वेगळ्या उभ्या रेशाच्या तुकड्यांचे, धडाला भोकं पाडून बसवलेले. नवशिक्यानं दुसरा उपाय धरावा. चुकलेला एक पाय बदलता येतो, धड वाया जात नाही.

कोणतं लाकूड

विदर्भात साग सहज मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीची सागवनं जवळ आहेत आणि आलापल्ली, बल्लारपूर ही नावं लाकूडवाल्यांच्या तोंडी रोज असतात. सागात तेल असतं, त्यामुळे तो टिकतो, किडत नाही आणि हवामानाप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. त्याच्या पोटात वाळूसारखे सूक्ष्म कणही असतात, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. सागाचा भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो, तेव्हा घासताना तोंडाला फडकं बांधावं.

शिकणाऱ्यासाठी शिवण उत्तम. फिकट, हलकी, सागापेक्षा मऊ आणि वाळल्यावर आकार न सोडणारी. हळदू पिवळसर आणि बारीक रेशाचा. त्यावर नाजूक काम उठून दिसतं, म्हणून त्याच्या फण्या करतात. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. कडुनिंबाचा रेशा एकमेकांत गुंतलेला असतो, पटाशी कुठल्याही बाजूनं लावली तरी तो उचकटतो. पहिल्या बैलासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्यांत चांगलं लाकूड बहुधा घरातच असतं. पाडलेल्या वाड्याची चौकट, मोडक्या पलंगाचा पाय, जुन्या पाटाची फळी. पन्नास वर्षं वाळलेल्या अशा लाकडातून निघायचं ते पाणी कधीच निघून गेलेलं असतं. टालावरून ओलं लाकूड आणलंत तर ते सावलीत, हवा खेळेल असं, काही महिने ठेवावं लागेल. वाळताना लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही. खोडाच्या वलयांच्या कडेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेनं आकसतं. म्हणून गाभा असलेल्या गोल ओंडक्याला गाभ्यापासून सालीपर्यंत चीर पडतेच. बैलासाठी गाभा नसलेला तुकडा घ्या.

नागपूरची हवा या बाबतीत कडक परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक होते. तीन-चार महिन्यांनी पोळ्याच्या सुमारास पावसानं भिंतींनासुद्धा ओल येते. उन्हाळ्यात कोरलेला बैल भाद्रपदात थोडा फुगतो. ही गोष्ट चाकं बसवताना पुन्हा आठवावी लागेल.

बैल आधी बघावा

हत्यार हातात घेण्याआधी एखादा खरा बैल नीट पाहून यावा, आणि तो आपल्या भागातला असावा. वर्धा-नागपूरकडची जात गवळाऊ. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी छटा. डोकं लांब आणि अरुंद, कपाळ मागे झुकणारं, डोळे बदामी. शिंगं आखूड, बोथट, किंचित मागे वळलेली. अंग हलकं आणि चाल जलद. मराठ्यांच्या फौजा डोंगरवाटांनी सामान वेगानं न्यायला हे बैल वापरत, अशी या जातीची ख्याती आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या खिलारची लांब, धनुष्यासारखी शिंगं गवळाऊच्या डोक्यावर बसवली तर ते डोकं परकं दिसेल. कोरणाऱ्याच्या दृष्टीनं गवळाऊ सोयीचा आहे. आखूड शिंगं मोडत नाहीत.

बाजूनं पाहताना एकच रेघ लक्षात ठेवा. कपाळावरून मानेवर, मानेवरून वशिंडाच्या टोकावर, तिथून एकदम खाली पाठीवर आणि मग पुठ्ठ्यावरून शेपटीपर्यंत. ही रेघ साधली तर डोळे न काढताही बैल ओळखू येतो. मानेखाली लोंबणारी पोळी ही दुसरी खूण.

कोरताना

हत्यारं थोडी पुरतात. एक बारीक दात्यांची करवत, १२ आणि ६ मिलिमीटरची सपाट पटाशी, एक गोल पटाशी, लाकडी मोगरी, कानस, हातानं फिरवायचं ड्रिल आणि तुकडा टेबलाला घट्ट धरणारा क्लॅम्प. धार लावायचा दगड मात्र चांगला घ्या. बोथट पटाशी जास्त जोर मागते, आणि जास्त जोर लावलेली पटाशीच घसरून हात कापते. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. तुकडा तळहातात धरून त्याच्याकडे पटाशी कधीही चालवायची नाही.

धडासाठी २० सेंटिमीटर लांब, १० उंच आणि ६ जाड असा ठोकळा घ्या. रेशा लांबीच्या दिशेनं. कागदावर बैलाची बाजूची आकृती पायांविना काढा, कापा, ठोकळ्यावर चिकटवा. वशिंडाच्या मागे पाठीचा जो खोलगट भाग काढायचा आहे, तिथे करवतीनं रेघेच्या दिशेनं चार-पाच आडवे काप घ्या, रेघेच्या जरा अलीकडे थांबा. मग पटाशीनं त्या कापांमधलं लाकूड उडवा. काप दिलेले असल्यामुळे चीर पुढे धावत नाही.

पटाशी नेहमी उतारावर चालवायची. वशिंडाच्या टोकावरून मानेकडे, टोकावरून पाठीकडे. खालून वर गेलं की धार रेशाच्या पोटात शिरते आणि लाकूड उचकटतं. हात अडखळला की थांबा आणि उलट बाजूनं या. पहिल्या तासाभरात हाताला हा फरक कळू लागतो. छिलका कुरळा आणि सलग निघतो, आवाज बदलतो. या कामाचा खरा आनंद मला तिथे मिळतो.

बाजूची आकृती झाली की वरून पाहा. बैल पोटाशी रुंद, मानेशी अरुंद, तोंडाशी आणखी अरुंद. चार कोपरे आधी तासा, मग त्या कोपऱ्यांचे कोपरे, आणि शेवटी गोलाई. गोलाईकडे घाई केली की एक बाजू जास्त जाते, मग दुसरी तिच्या मापाला आणायला जावं लागतं आणि बैल वाळत जातो. डोळा खोल खणू नका. वर एक आणि खाली एक असे बदामाच्या आकाराचे दोन हलके काप पुरतात.

पायांसाठी उभ्या रेशाच्या चार काड्या घ्या, वरचं टोक पेन्सिलीएवढं गोल. धडाला खालून तेवढ्याच मापाची दोन सेंटिमीटर खोल भोकं पाडा, फेविकॉल लावून पाय बसवा आणि एक रात्र हात लावू नका. मग मांड्यांची गोलाई कानशीनं धडाला मिळवून घ्या.

शिंगं कोरू नयेत, शोधावीत. बाभळीची किंवा बोरीची नैसर्गिक वळण असलेली बारीक फांदी घ्या. तिच्यात रेशाच वळलेला असतो, त्यामुळे ती त्या वळणावर मोडत नाही. जोडीचं दुसरं शिंग त्याच झाडावर उलट वळलेल्या फांदीत शोधा.

चाक हा फसवा भाग आहे. फांदीची गोल चकती कापली की चाक तयार, असं वाटतं. पण वर सांगितलेल्या असमान आकसण्यामुळे अशी चकती बहुधा तडकते. चाक फळीतून गोल कापावं. बैलगाडीचं चाक करणाऱ्यांनी हीच अडचण फार सुंदर सोडवली. मधे तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि कडेला वाकडे तुकडे एकापुढे एक, म्हणजे प्रत्येक तुकड्यात रेशा त्या तुकड्याच्या लांबीनं जातो. बाहेरून लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होताना आकसते आणि सगळं आवळून धरते. आपल्या बैलाला एवढं लागत नाही. फक्त आसाचं भोक आसापेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवा, म्हणजे पावसाळी हवेत चाक अडणार नाही, आणि आसावर मेणबत्ती घासा.

आता ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमानं, रेशाच्या दिशेनं. रंग द्यायचा नसेल तर जवसाचं तेल फडक्यानं चोळा. नंतर ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, हे तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा. रंग द्यायचा तर डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं पाहा. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावं, असा भारतातला २०१६ चा नियम आहे. लहान मूल बैल तोंडातही घालतं.

उरलेल्या तुकड्याचं लॉकेट

ठोकळ्यातून तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे उरतात. त्यांत बैलाचं नुसतं डोकं कोरता येतं, गळ्यात घालण्याजोगं. इथे रेशा उभा ठेवावा असं कुणालाही वाटेल, कारण चेहरा उभा आहे. पण दोऱ्याचं भोक वरच्या टोकाशी असतं आणि दोरा वर ओढतो. उभ्या रेशात भोकाच्या वरचा तुकडा नळीसारखा सरळ निघून येतो. रेशा आडवा ठेवला तर भोकावर त्या नळ्यांचा लहानसा पूल तयार होतो आणि बाजूला निघणारी आखूड शिंगंही बळकट होतात. भोक दोन मिलिमीटरचं, वर निदान चार मिलिमीटर लाकूड. बैलाचे पाय उभ्या रेशाचे केले, लॉकेट आडव्या रेशाचं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, जोर कुठून येणार.

लहान आकृती कोरून गळ्यात घालण्याची माणसाची हौस समुद्रापारही तशीच आहे. न्यूझीलंडचे माओरी लोक हिरव्या दगडात मोठ्या डोळ्यांची, मान कललेली मानवाकृती कोरून छातीवर घालतात. तिला हेइ-टिकी म्हणतात. माओरींच्या काही कथांत टिकी हा पहिला माणूस. त्या दगडाला ते पोउनामू म्हणतात. तो सूक्ष्म तंतूंच्या गुंत्यानं बनलेला असतो, म्हणून सहजी फुटत नाही आणि सहजी कोरलाही जात नाही. लोखंडी हत्यारं येण्याआधी तो वालुकाश्मावर पाणी घालून घासून घडवत. एक आकृती पूर्ण व्हायला फार दिवस लागत आणि ती पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राही. जितक्या पूर्वजांनी ती घातली, तितकं तिचं मोल वाढत जाई.

नागपूरच्या शेजारी, काटोल रस्त्याकडच्या माहुरझरी गावात अशाच कामाचा फार जुना ठाव आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तिथली शिलावर्तुळं उत्खनित केली. इसवी सनापूर्वीच्या त्या वस्तीतल्या लोकांनी घोड्यांनाही तांब्याचे अलंकार घालून पुरलं होतं. अकीक आणि तांबूस कार्नेलियन यांचे मणी घडवण्याचं गाव म्हणून माहुरझरी अभ्यासकांना परिचित आहे. या दगडांना रेशा नसतो, ते काचेसारखे शिंपल्याच्या आकारात फुटतात. मणी घडवणाऱ्याला ते फुटणं ओळखून ठोका घालावा लागला असणार, जसं सुतारकाकांना लाकडाची रेघ ओळखावी लागते.

मोडलेला पाय

शेवटी माळ्यावरच्या तीन पायांच्या बैलाकडे परत येऊ. तो खाली काढा. मोडलेल्या जागी बारीक कानस फिरवून पृष्ठभाग सपाट करा आणि धडात दोन सेंटिमीटर भोक पाडा. सागाचा उभ्या रेशाचा नवा पाय कोरून बसवा. जुना रंग खरवडू नका, नव्या पायालाही त्याच रंगाचा लेप देऊन लपवू नका. तेलच द्या, म्हणजे कुठला पाय कुणी केला ते पुढच्यांना दिसेल. हा पाय उरलेल्या तिन्हींपेक्षा पक्का असेल, कारण त्याच्यात नळ्या खुरापासून पोटापर्यंत सलग जातात.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी लेकराच्या हाती द्या आणि त्याला रस्त्यावर सोडा. त्याच्या दोरीमागून खडखडत जाणाऱ्या बैलाचा चौथा पाय तुमच्या हातचा असेल.